एका कार्डावर तिघी

फॉर्म भरण्यापलीकडे मी आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही. सातवीपर्यंत शाळा, पुढे अठरा वर्षं धंदा, आणि गेली काही वर्षं घाटकोपरच्या एका संस्थेत काम. संस्थेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "तू बोलतेस तसंच लिही. उद्या जिच्या हातात हाच रिपोर्ट पडेल, तिला वाचायला होईल." म्हणून लिहायला बसले. माझं नाव देत नाही. पारूचं नाव बदललं आहे, कारण तिला संसार आहे. शांताचं मात्र खरं ठेवलंय. ती आता नाही, आणि असती तरी तिने बदलू दिलं नसतं.

आजाराचं नाव हिपॅटायटिस बी. काविळीचाच एक प्रकार, यकृताला धरतो. रक्तातून लागतो, शरीरसंबंधातून लागतो, आईकडून बाळाला लागतो. वर्षानुवर्षं अंगात मुक्काम ठोकतो आणि बाहेर पत्ता लागू देत नाही. यापेक्षा जास्त शास्त्र मला येत नाही. मला सांगायचंय ते आमच्या खोलीबद्दल, आणि आम्ही तिघींनी मोठ्या शहाणपणाने केलेल्या एका मूर्खपणाबद्दल.

*

संस्थेत माझं काम बायकांपर्यंत पोचायचं. आमच्या उपनगरात धंद्याची अशी वेगळी गल्ली नसते. बायका चाळीत, डोंगरावरच्या वस्तीत राहतात, दुपारी घरकामाला निघाल्यासारख्या पिशवी घेऊन निघतात, हायवेच्या कडेच्या लॉजवर जातात आणि पोरांची शाळा सुटायच्या आत येऊन कुकर लावतात. शेजारणीलाही कळत नाही. त्यांना ओळखायला त्यांच्यातलीच लागते, ती मी.

मागच्या वर्षी संस्थेने ठरवलं की धंद्यातल्या बायकांमध्ये हिपॅटायटिस बी किती आहे ते मोजायचं. एचआयव्हीचं आम्हाला पाठ झालं होतं, याचं कुणी विचारलंच नव्हतं. मीटिंगमध्ये आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "मोजलंच नाही तर औषध कुणासाठी मागायचं?" मला ते एकदम पटलं. जिची गणती नाही तिला रेशन मिळत नाही, औषध कुठून मिळणार?

बायका मात्र सुई म्हटलं की पळतात. "आधी तू दे रक्त, मग आम्ही बघू," सगळ्यांचं एकच टुमणं. आमच्यात तो रिवाजच आहे. नवीन लॉज असो की नवा दवाखाना, जुनी बाई आधी आत जाऊन येते, मग नव्या जातात. मी बाही वर केली. खरं सांगते, तेव्हा मी जरा भावच खात होते. मला काही निघणार नाही याची खात्री होती. मला लस टोचलेली होती ना!

*

रक्त देण्याआधी प्रश्न होते. विचारायला नेहा नावाची मुलगी होती, कॉलेजातली, हातात टॅब. प्रश्न विचारताना तिचे कान लाल व्हायचे. मला तिची माया आली.

"ताई, कधी गोंदवून घेतलंय?"

मी डावं मनगट पुढे केलं. तीन हिरवे ठिपके, शेजारी शेजारी. वस्तीतल्या देवीच्या जत्रेत गोंदवलेले. तिघींनी एकाच दिवशी, एकाच सुईने. पारू सुई लागायच्या आधीच "आई गे" म्हणून किंचाळली होती आणि गोंदणारी हातातली सुई ठेवून पोट धरून हसली होती. मी हे सगळं नेहाला सांगितलं. तिने टॅबवर नुसतं एक बोट टेकवलं.

"ब्लेड किंवा रेझर दुसऱ्या कुणाबरोबर वापरलंय?"

आमच्या खोलीत खिडकीच्या फळीवर एक ब्लेड असायचं, कागदात गुंडाळलेलं. भुवया त्यानेच, बगला त्यानेच. शांता ते आरशाच्या मागे लपवायची आणि स्वतःच विसरायची, मग लॉजला जायच्या वेळेला खोलीत शोधाशोध.

"ताई, तुमचं सगळंच 'हो' मध्ये जातंय," नेहा म्हणाली.

"पुढचं विचार. तेही हो आहे. लस घेतलीये मी."

"वा! किती डोस?"

"तीन."

"पहिला आठवतोय कधी घेतला?"

"पहिला शांताने घेतला. दुसरा पारूने. तिसरा मी."

नेहाचं बोट टॅबवर तसंच राहिलं. "म्हणजे तुम्ही स्वतः तीन नाही घेतलेत?"

"एकटीने तीन कशाला घेऊ? आम्ही तिघी होतो की."

तिने स्क्रीन वरखाली केली. असं उत्तर ठेवायला तिच्याकडे जागाच नव्हती. मग टॅब मांडीवर पालथा ठेवून, आपल्या आजीला समजवावं तसं ती मला म्हणाली, "ताई, तिन्ही एकाच बाईने घ्यायचे असतात. तेव्हा ती लस नीट लागू पडते."

मी हसले. असं कसं होईल, म्हटलं. पण घरी जाताना बोटांवर मोजत राहिले, शांता, पारू, मी.

*

ती खोली विक्रोळीला डोंगरावर होती. पायऱ्या चढून दारात आलं की दोन मिनिटं बोलता यायचं नाही. दहा बाय दहाची जागा, एक मोरी, एक खिडकी. पण खिडकी अशी की राणीच्या महालाला नसेल. खाली हायवे, त्याच्या पलीकडे एका कंपनीच्या वसाहतीची जुनी झाडं, त्यापलीकडे खाडीपर्यंत नुसती कांदळवनं. सकाळी त्यावर बगळे उतरायचे. वारा फिरला की कांजूरच्या कचराडेपोचा वास यायचा. मग पारू तव्यावर बांगडे टाकायची. म्हणायची, "वासाक वासच व्हयो."

पारू मालवणकडची. वडील गिरणीत होते, गिरणी गेली तसं घर बसलं. पुढचं तिने कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. शांता मराठवाड्यातली, आडव्या बांध्याची, हसली की खालच्या खोलीतल्यांना कळायचं. मी तिसरी, तोंडाने फटकळ. माझी मुलगी वर्षा तेव्हा गावी माझ्या आईजवळ होती. धंद्यात माझं नाव काजल, पारूचं सपना. शांता मात्र शांताच. "आधीच किती गोष्टी लक्षात ठेवायच्या," म्हणायची, "त्यात अजून स्वतःचं नाव कुठं लक्षात ठेवू?"

खोलीचा कायदा एकच होता. येईल त्याचे तीन वाटे. मोरपंखी साडी एकच होती, जिचा दिवस तिची. चांदीचे पैंजणही एकच जोड. कुणी गिऱ्हाइकाने दिलेली मिठाई आणली तर तीन वाटे. उकडलेलं अंडं एकच असलं तर पारू शिवणाचा दोरा घ्यायची, एक टोक दातात, एक बोटात, आणि अंड्याचे असे तीन सारखे भाग पाडायची की मोजपट्टी लावून बघावं. मधला भाग, बलक जास्त असलेला, पाळीपाळीने. पाळी कुणाची यावरून शांता आणि माझी भांडणं झालीयेत, साड्यांवरून कधी झाली नाहीत.

लोकांना वाटतं आमचं त्या वेळचं जगणं म्हणजे नुसता अंधार. दुःख होतं, नव्हतं असं कसं म्हणू? मार खाल्लाय, पोलिसांना घाबरून मोरीत बसलोय. पण रविवारी धंदा बंद ठेवून तिघी ओळीने बसायचो, पुढचीच्या डोक्याला तेल लावायचो, आणि खिडकीतून वारा यायचा. ते सुख मला नंतर कुठल्याच घरात मिळालं नाही. आज माझ्याकडे स्वतःची खोली आहे, फ्रिज आहे. तरी त्या वाऱ्याची आठवण आली की जीव कासावीस होतो.

*

एक दिवस वस्तीत लसीचं शिबिर आलं. पारू गणपतीला गावी गेलेली, मी लॉजवर. एकटी शांता खोलीत. तिला सुई टोचली आणि एक पिवळं कार्ड दिलं, त्यावर तीन चौकटी. पहिलीत तारीख आणि सही. बाकीच्या दोन रिकाम्या. सिस्टर म्हणाली, महिन्याने या, मग सहाव्या महिन्यात या, कार्ड आणायला विसरू नका.

मी आले तर शांता तोंड पाडून बसलेली.

"चांगली लस आहे म्हणे. पोटाच्या रोगाची. मला एकटीलाच मिळाली गं," ती म्हणाली. दाराला कडी लावून एकटीने गोड खाताना सापडावी तसं तिचं तोंड झालं होतं.

"मग काय झालं?"

"काय झालं काय? तुम्ही दोघी राहिलात ना." मग तिने कार्ड माझ्यासमोर धरलं आणि डोळे मोठे केले. "पण बघ, चौकटी किती आहेत?"

चौकटी तीन. आम्ही तिघी. आम्हाला वाटलं, देवानेच मापून पाठवलंय. महिन्याने पारू ते कार्ड घेऊन गेली. सिस्टर बदललेली होती, तिने तोंड बघितलं नाही, कार्ड बघितलं. "शांता का?" "होय." झालं. सहाव्या महिन्यात मी गेले. दंड दुखला, कापूस दाबून डोंगर चढले. शांताने माझ्या दंडाला हळद लावली आणि कार्ड देवीच्या तसबिरीमागे ठेवलं. म्हणाली, "आता खोलीला काही होत नाही."

*

रिपोर्ट बंद खोलीत देतात. त्या खोलीबाहेर मी कित्येक बायकांसाठी पाण्याचा ग्लास धरून बसलेय. त्या दिवशी आतल्या खुर्चीवर मी होते. समोर समुपदेशक बाई आणि डॉक्टर मॅडम दोघी. दोघी आहेत म्हटल्यावरच मी समजले.

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बी आहे. बहुतेक बऱ्याच वर्षांपासून."

बायकांना धीर देताना मी नेहमी सांगते, घाबरू नकोस, उपचार आहेत. ती सगळी वाक्यं मला पाठ होती आणि त्यातलं एकही त्या वेळी आठवलं नाही. मी विचारलं, "कुठून आला?"

"ते कुणीच सांगू शकणार नाही. गिऱ्हाइकाकडून, ब्लेडवरून, गोंदताना. जन्मतःही असू शकतो."

मी मनगटाचे तीन ठिपके बघत राहिले. माझं माझं मी तिथेच ठरवलं, आला असेल तर गोंदणातून आला. गिऱ्हाइकांना तेवढा मान मी देणार नाही. मॅडमच्या शास्त्रात हे बसत नाही, पण रोग माझा आहे, कुठून आला ते मी ठरवीन.

मग कार्डाची गोष्ट सांगितली. मॅडमनी चष्मा काढून ठेवला. मी विचारलं, "शांता पिवळी होऊन गेली. पोटात पाणी झालेलं. तिचा तिसरा डोस मी घेतला. म्हणजे..."

"असं नाही," त्या पटकन म्हणाल्या. "पहिल्या सुईच्या आधीच तिच्या अंगात असेल, तर तिन्ही घेऊनही उपयोग झाला नसता. तेव्हा आधी तपासलं नव्हतं ना?"

"नव्हतं. आणि आधी नसेल तर?"

मॅडमनी खोटं सांगितलं नाही याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाल्या, "त्या खोलीत अजून कोण होतं?"

पारू होती. आणि पारूला मी वचन दिलं होतं की जिवंत असेपर्यंत तिच्यासमोर जाणार नाही.

*

ते वचन शांताच्या सरणाजवळचं. त्याआधी दोन वर्षं पारूने मुलुंडच्या एका बिजवराशी लग्न केलं होतं. भला माणूस, दोन मुलं पदरात. त्याला पारूबद्दल एवढंच माहीत की ती एका कारखान्यात पॅकिंग करायची. शांता पिवळी पडली तेव्हा खोलीत आम्ही दोघीच उरलो होतो. मी तिला दवाखान्याऐवजी आधी माळवाल्याकडे नेलं. काविळीची माळ डोक्यावर ठेवतात, ती म्हणे दिवसागणिक लांबत जाते, गळ्यातून अंगावर उतरते, आणि माळ पायाशी आली की कावीळ उतरली. शांताची माळ पायाशी आली. आम्ही पेढे वाटले. महिन्याभरात तिचं पोट फुगलं.

हॉस्पिटलात शेवटी शेवटी तिने अंडं मागितलं. मी उकडून नेलं आणि सवयीने दोऱ्याने तीन भाग केले. तिने स्वतःचा खाल्ला, मग पारूचा उचलला. "ती आता मुलुंडला ऑम्लेट खात असेल," म्हणाली आणि हसली. तिचं शेवटचं हसणं तेच.

पारू स्मशानात आली ती तोंडावर पदर ओढून, लांब उभी. निघताना माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "काजल, ह्याच्यापुढे माका वळख दाखवू नको गो. माझा घर मोडतला." मी मान हलवली. राग आला होता, पण तिचं खोटं नव्हतं. आमच्यातल्या किती जणींना घर मिळतं?

*

हॉस्पिटलचं काय सांगू. सरकारी हॉस्पिटलात यकृताचा बाह्यरुग्ण विभाग आठवड्यातून एकदा. सकाळी लवकर जाऊन केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, मग रक्ताच्या, मग सोनोग्राफीच्या, मग पुन्हा डॉक्टरांच्या. रांगेत दारुडे, बाळंतीण पोरी, बँकेतला माणूस, सगळे. मी मनात म्हणायचे, चला, इथे तरी सगळे एका रांगेत आहेत. एक यंत्र असतं, ते बरगडीवर टिचक्या मारून यकृत किती कडक झालंय ते सांगतं. तिथल्या मुलाने थंडगार जेल लावण्याआधी बाटली हातात चोळून गरम केली. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. मी त्याला मनापासून आशीर्वाद दिला.

यकृत थोडं कडक झालं होतं, फार नाही. रोज एक गोळी, बंद करायची नाही, दर काही महिन्यांनी तपासणी. गोळी तिथेच फुकट मिळते. रोग जात नाही, पण दाबात राहतो. दारू मी कधी घेतली नाही, त्यामुळे सोडायला काही नव्हतं. थकवा मात्र होता आणि भीती होती. पोटात जरा दुखलं की आरशापुढे जाऊन डोळ्यांचं पांढरं बघायचं. दिवसातून दहा वेळा. पिवळं दिसतंय का? ट्यूबलाइटमुळे दिसतंय का? ज्या बाया हे वाचतायत त्यांना सांगते, हे सगळ्या करतात. हळूहळू सुटतं.

वर्षा आता माझ्याजवळ राहते, मॉलमध्ये कामाला आहे. तिला माझं सगळं माहीत आहे, मीच सांगितलंय. तिची तपासणी झाली, तिला नाही. निम्मं ओझं तिथेच उतरलं. पण तीन दिवसांनी भांडी लावताना मला माझ्या ग्लासाच्या बुडाला लाल ठिपका दिसला. नेलपॉलिशचा. माझा ग्लास वेगळा ओळखता यावा म्हणून.

मी बोलले नाही. फटकळ बाई गप्प बसली की घराला कळतं. पुढच्या भेटीला मी वर्षाला बरोबर नेलं. समुपदेशक बाईंनी तिला सांगितलं, ताटवाटीतून, पाण्यातून, मिठी मारून हा लागत नाही. ब्लेड, ब्रश तेवढे वेगळे ठेवा. वर्षा सगळा वेळ खाली बघत होती. संध्याकाळी मी बाजारातून आले तर ओट्यावर घरातले सगळे ग्लास पालथे, आणि प्रत्येकाच्या बुडाला लाल ठिपका.

"आता ओळख बघू तुझा कुठला," ती म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. आमच्याकडे अजून ते ग्लास आहेत.

*

पण पारूचं काय? रात्रंदिवस तेच. वचन मोडलं तर तिचं घर जाईल, नाही मोडलं तर तिचं शांतासारखं होईल. तिचा फोन नंबर नव्हता. घराचा पत्ता होता, पण दारात जाणं म्हणजे तिच्या संसाराला माझ्या हाताने काडी लावणं. वर्षा म्हणाली, "आई, चिठ्ठी टाक." चिठ्ठी नवऱ्याने उघडली तर?

शेवटी मी पारूला कुठे भेटायचं ते तिच्या स्वभावावरून ठरवलं. कोकणातली बाई बुधवार, शुक्रवार, रविवार मासळीला जाणार, आणि दुसऱ्याने आणलेली मासळी पारू मेली तरी शिजवणार नाही. मुलुंडच्या मासळीबाजारात मी बुधवारी उभी राहिले. नाही आली. शुक्रवारी उभी राहिले. कोळीण मला म्हणाली, "घेनार हाय का नुसती बगनार?" मी उगाच अर्धा किलो मांदेली घेतली. रविवारी ती आली.

केस पिकलेले, गळ्यात मंगळसूत्र, अंगाने भरलेली. बांगड्याचे कल्ले वर करून बघत होती, तस्संच. मला बघितलं आणि हातातला बांगडा खाली पडला.

"माका सांगलंस ना तू, येवचंय नाय म्हणान," ती इकडेतिकडे बघत पुटपुटली.

"पैसे मागायला नाही आले, घर मोडायला नाही आले. दोन मिनिटं दे."

"माझो घोव भायर रिक्षात बसलो हा."

मग मी तिथेच, मासळीच्या पाण्यात उभी राहून, तीन वाक्यांत सांगितलं. मला पोटाचा रोग निघालाय. शांता त्यानेच गेली असणार. ती लस एकेकीने तीन घ्यायची होती.

पारूने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या दंडाकडे, जिथे तिसरी सुई टोचली होती तिथे. हिशेब तिलाही लगेच लागला. "म्हणजे शांताची आम्ही खाल्ली," ती म्हणाली. मासळीबाजारात एवढा गलका, पण मला तिचं तेवढंच ऐकू आलं.

"तसं नाही म्हणत डॉक्टर. कळायला मार्ग नाही म्हणतात. पण तुझं कळू शकतं. संस्थेत ये. खरं नाव सांगावं लागत नाही, ओळखपत्र लागत नाही."

बाहेरून रिक्षाचा हॉर्न वाजला. ती मासळी न घेताच निघाली. पारू मासळी न घेता निघाली, म्हणजे गेलं सगळं, मी समजले. तरी तिच्या पिशवीत मी संस्थेचा कागद टाकला होता.

*

ती आली. अकरा दिवसांनी, दाताच्या डॉक्टरकडे जाते सांगून. रक्त देताना माझ्याकडे बघितलं नाही. रिपोर्टच्या दिवशी मी बाहेर पाण्याचा ग्लास धरून बसले, नेहमीसारखी. दार उघडलं तर समुपदेशक बाई हसत होत्या. पारूच्या रक्तात रोग नव्हता. पण लसीचा जोरही नव्हता. तिला पहिल्यापासून तीन घ्यायच्या होत्या.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. एवढी मोकळी मी माझ्या स्वतःच्या कुठल्याच रिपोर्टने झाले नव्हते.

पहिल्या डोसला सिस्टरने दारातून हाक मारली, "शांता! शांता कोण आहे?"

मी चमकून दाराकडे बघितलं. शेजारची पारू उठली. मला म्हणाली, "नाव इचारल्यानी. खोटा देवचा होता. तोंडात ताच इला."

कार्ड घरी नेणं शक्य नव्हतं, ते माझ्या पत्र्याच्या डब्यात राहिलं. महिन्याने दुसरी सुई. मग पाच महिने भेट नाही. मी दर आठवड्याला डबा उघडून तिसरी चौकट बघायचे. काय नेम? नवऱ्याला कळलं तर, ती घाबरली तर, गावी गेली तर. शांताची तिसरी चौकट मी भरली होती. ही कुणा दुसरीने भरू नये म्हणून मी देवीला नारळ बोलले.

ठरलेल्या दिवशी दुपारी पारू आली. या वेळी दाताचं निमित्त नव्हतं. बाकावर बसताच म्हणाली, "घोवाक सांगलंय, लिव्हरची लस घेतंय म्हणान. कित्याक, ता नाय इचारल्यान." हातात डबा होता, त्यात उकडलेली तीन अंडी. मी दोऱ्यासाठी पदर चाचपायला लागले तर ती म्हणाली, "कापूची नाय. अख्खी खा. आता एकेक अख्खा."

आत सिस्टर नवीन होती. तिने पारूचं तोंड बघितलं नाही, कार्ड बघितलं. दोन चौकटी भरलेल्या, तिसरी रिकामी. सुई भरता भरता तिने सवयीने विचारलं, "शांताबाई, आधीचे दोन्ही तुम्हीच घेतलेत ना?"

पारूने बाही वर केली. मनगटाचे तीन ठिपके मला दारातून दिसत होते.

"तिन्ही माझेच गो बाय," ती म्हणाली. "ह्या टायमाक कोणाक देऊक नाय."

सिस्टरने तिसऱ्या चौकटीत तारीख घातली, सही केली, आणि शांताच्या नावाचं कार्ड माझ्या हातात दिलं. बाकावर डब्यात एक अंडं उरलं होतं. त्याचे वाटे आम्ही केले नाहीत.